पाठुंगळीचं बक्षीस

तिला सगळे फौजदार म्हणत. नाव मामाने ठेवलेलं. पोरगी धड बोलायला लागली नव्हती तेव्हापासून पलंगावर बसल्या बसल्या घरादाराला कामाला लावायची. खिडकी लावा, पंखा कमी करा, मामाचे बूट दारात का, आई अजून जेवली का नाही. पाय जन्मापासूनच साथ देत नव्हते. त्यांच्या वाटणीचं बळही जिभेला मिळालंय, असं आई म्हणायची. आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, मामा मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि घरात राज्य फौजदाराचं होतं.

तर एका संध्याकाळी या घरी क्लबच्या सेक्रेटरीबाई आल्या. गावातल्या प्रतिष्ठित मंडळींचा तो क्लब दरवर्षी हायस्कूलच्या मुलांना शिष्यवृत्ती द्यायचा. मार्कांसाठी नव्हे, तर दयाळूपणासाठी आणि सेवेसाठी. बाईंच्या अंगाला अत्तराचा घमघमाट होता आणि चेहऱ्यावर दवाखान्यात पेशंटला भेटायला आल्यासारखे भाव होते. फौजदार चाकाच्या खुर्चीत समोरच बसली होती, तरी बाई सगळं तिच्या डोक्यावरून आईशी बोलत होत्या.

"यंदा आम्ही हिच्या मैत्रिणीला निवडलंय. ती उंच मुलगी हो. रोज हिला पाठीवर घेऊन दुसऱ्या मजल्यावर नेते म्हणे! ऐकून आमच्या अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. कार्यक्रमात हिने दोन शब्द आभाराचे बोलावेत अशी सगळ्यांची इच्छा आहे. हिला... बोलता येतं ना?"

"थांबवून दाखवा," मामा बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला.

बाईंनी पर्समधून एक कागद काढून आईच्या हातात दिला. भाषण तयारच होतं. आईने तो वाचून लेकीकडे सरकवला. 'मी एक असहाय मुलगी. नियतीने माझे पाय हिरावले, पण या देवदूताने मला आपले पाय दिले...' तिथपर्यंत वाचून फौजदाराने कागदाची घडी घातली.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच," बाई लाजून म्हणाल्या. "आवडलं ना?"

"असहाय कोण?"

आईने डोळे वटारले. बाई चहा न घेताच गेल्या. त्या गेल्यावर आई म्हणाली, "हे बघ, त्या पोरीने दोन वर्षं तुला वाहिलंय. तिच्यासाठी दोन मिनिटं गोड बोलायला तुझी जीभ झिजणार आहे का?"

फौजदार त्या रात्री कागदाची घडी उघडत, पुन्हा घालत जागी राहिली.

ती उंच मुलगी म्हणजे लंबू. शाळेच्या व्हॉलीबॉल टीमची कॅप्टन, खांदे रुंद, आवाज घोगरा. पाचवीत असताना फौजदाराने तिला भर वर्गात 'उंटीण' म्हटलं होतं आणि लंबूने तिच्या खुर्चीचं पुढचं छोटं चाक खडूच्या डब्यात रुतवून ठेवलं होतं. तिथून जी मैत्री जुळली ती जुळली. लंबूला गणिताचा गंध नव्हता. फौजदार तिला शिव्या देत देत समीकरणं शिकवायची. लंबू तिला मैदानावर अंपायरच्या शेजारी बसवायची आणि अंपायर चुकला की दोघी मिळून त्याला नको नको करून सोडायच्या.

नववीपासून वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरायला लागला आणि पाठुंगळीचं प्रकरण सुरू झालं. मोठे वर्ग वर, लहान वर्ग खाली, ही शाळेची पूर्वापार पद्धत. खाली एक मोठी खोली रिकामीच असायची. ऑफिससमोरची, गाद्यांच्या खुर्च्यांची, मधोमध लांबलचक चकचकीत टेबल असलेली. शाळेच्या व्यवस्थापक मंडळाची बैठक असली की ती उघडायची, एरवी दाराला कुलूप. फौजदाराची आई वर्ग खाली आणा म्हणून मुख्याध्यापिकांना भेटून आली होती. त्यांनी मंडळाकडे बोट दाखवलं. मंडळाचे चेअरमन "बघू" म्हणाले आणि बघितलं काहीच नाही. हे चेअरमन आणि ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते क्लबचे अध्यक्ष, ही एकच व्यक्ती.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना फौजदाराने लंबूला विचारलंच. "देवदूत. तू सांगितलंस त्यांना असं?"

"मी कशाला सांगू? मला तर मुलाखतीत विचारलं, सेवा करताना कसं वाटतं? मी म्हटलं, पाठ दुखते."

"मग?"

"मग ते हसले. म्हणाले, किती निरागस."

फौजदाराला हसू आलं नाही. लंबूची पाठ खरोखरच दुखत होती. थोड्याच दिवसांपूर्वी जिन्याच्या मधल्या वळणावर दोघी पडल्या होत्या. लंबूने पडता पडता अंग असं वळवलं की खाली ती स्वतः आली. फौजदाराचं कोपर सोलवटलं. लंबू मात्र जिन्यावर बराच वेळ तोंड उघडं टाकून नुसती बसून राहिली, आवाजच फुटेना. मग म्हणाली, "कुणाला सांगायचं नाही. शपथ घे." कारण शाळेला कळलं तर उचलणं बंद होणार, आणि उचलणं बंद झालं म्हणजे फौजदार घरी बसणार. फौजदाराने शपथ घेतली होती. तेव्हापासून लंबू बाकावर बसताना आधी हात टेकते, मग बसते, हे ती रोज बघत होती. आणि रोज सकाळी त्याच पाठीवर चढत होती.

"नको घेऊस ते बक्षीस," फौजदार म्हणाली.

लंबूने डब्याचं झाकण दाबून लावलं. "तुझं बरं आहे. तुझी आई तुला चंद्रावरसुद्धा शिकायला पाठवेल. माझे बाबा म्हणतात, दहावी झाली की काकाच्या दुकानात बस. मला मशीनचा डिप्लोमा करायचाय. चारचौघांसमोर अध्यक्षांनी माझ्या हातात शिष्यवृत्ती दिली ना, तर बाबांची अडवायची टाप नाही. त्यांना लोकांची फार लाज. समजतंय का तुला?"

"समजतंय."

"मग बोल दोन मिनिटं. म्हण देवदूत. म्हण परी. काय वाट्टेल ते म्हण. माझ्यासाठी."

"म्हणेन," फौजदार म्हणाली. आणि खरंच, त्या घटकेला तिच्या मनात तेच होतं.

कार्यक्रमाचा हॉल खचाखच भरला होता. पुढच्या रांगेत क्लबची मंडळी, मागे शिक्षक, पालक, व्हॉलीबॉलची टीम. लंबूचे बाबा इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले होते. शेजारच्या अनोळखी माणसालाही "आमची मुलगी" म्हणून स्टेजकडे बोट दाखवत होते. लंबू स्टेजवर अध्यक्षांशेजारी बसली होती आणि हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. मागे मोठा फलक होता, त्यावर 'करुणा' हा शब्द आणि दोन जोडलेले तळवे.

फौजदार भाषणाचा कागद मांडीवर घेऊन खाली कडेला होती. आई आणि मामा तिच्या मागच्याच रांगेत. कागद तिला पाठ झाला होता. पाठ करताना प्रत्येक वाक्याला दात-ओठ खावे लागले, पण केला होता.

"आणि आता," सेक्रेटरीबाई माइकवरून म्हणाल्या, "जिच्या अंधाऱ्या आयुष्यात या मुलीने दिवा लावला, त्या आपल्या लाडक्या कन्येला मी मंचावर बोलावते!"

मंचाला पायऱ्या होत्या. उतार नव्हता. कोटातले चार गृहस्थ लगबगीने आले. फौजदाराला वाटलं, विचारतील. एकाने सरळ तिच्या काखेत हात घातला, दुसऱ्याने पाय धरले, आणि फोटोग्राफर म्हणाला, "जरा थांबा, चेहरे इकडे करा."

"सोडा," फौजदार म्हणाली.

"घाबरू नकोस बाळ."

"मी घाबरत नाहीये. हात काढा. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही मला!"

काखेतला हात चटका बसल्यासारखा निघाला. पाय धरणाऱ्याला ते कुठे ठेवावेत कळेना. त्याने ते अलगद फूटरेस्टवर टेकवले आणि तो मागे सरला. फौजदाराने खुर्चीचे ब्रेक लावले.

"मी इथूनच बोलते. माइक खाली द्या."

बाईंनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी हसून मान हलवली. माइक खाली आला. फौजदाराने कागद उघडला, पहिली ओळ नजरेखालून घातली आणि वर पाहिलं. लंबू खुर्चीवर जागा बदलत होती. आधी तिने दोन्ही हात टेकले, ओठ घट्ट मिटले, मग सावकाश सरकली. लोकांना दिसलं नसेल. फौजदाराला दिसलं, आणि पाठ केलेलं सगळं भाषण एकदम पुसलं गेलं.

"मला एक भाषण लिहून दिलंय," ती म्हणाली. "त्यात ही देवदूत आहे आणि मी असहाय आहे. दोन्ही खोटं आहे. ही देवदूत नाही. ही पत्ते खेळताना लबाडी करते आणि गणितात दोनदा नापास झालीय. आणि ही माझी सेवा करत नाही. ही माझी मैत्रीण आहे."

कुणीतरी हसलं. अध्यक्षही हसले.

"ती मला रोज दुसऱ्या मजल्यावर उचलून नेते, हे खरं आहे. त्यासाठी तुम्ही तिला बक्षीस देताय. पण ती का उचलते, हे कुणी विचारलंच नाही. तिला हौस आहे म्हणून नाही. आमचा वर्ग वर आहे म्हणून. खाली मोठी खोली रिकामी आहे, तिला कुलूप आहे, आणि कुलपाची किल्ली ज्यांच्या हातात आहे ते त्या तिथे, मधल्या खुर्चीत बसलेत."

अध्यक्षांचं हसू तोंडावरच राहिलं, पण त्यात आता काही उरलं नव्हतं.

"माझी आई त्यांच्याकडे गेली होती. ते म्हणाले, बघू. आज बघतायत. त्यांनी खोली उघडली असती तर हिला हे बक्षीस मिळालंच नसतं, कारण उचलायला काही कारणच नसतं. पंधरवड्यापूर्वी हिचा पाय घसरला आणि आम्ही दोघी जिन्यावरून पडलो. ही खाली, मी वर. हिची पाठ तेव्हापासून..."

इथे माइक बंद झाला. बाईंनी मागे कुणाला तरी खूण केली होती. पण फौजदाराच्या आवाजाला माइकची गरज कधी पडली होती? व्हॉलीबॉलच्या मैदानात ती या टोकाहून त्या टोकाला ऐकू जायची.

"हिची पाठ तेव्हापासून धड नाही!" ती मोठ्याने म्हणाली. "हिला शिष्यवृत्ती जरूर द्या. हिच्या डोक्यासाठी द्या, मशीन उघडून परत जशीच्या तशी जोडते त्यासाठी द्या. पण मला उचलल्याबद्दल देऊ नका. मी काही पोतं नाही, आणि ही हमाल नाही. एवढंच. आभार मानायचे होते, ते मी हिचे घरी मानेन."

टाळ्या पडल्या नाहीत. कुणीतरी खोकलं. आईने दोन्ही हात तोंडावर धरले होते. मामा खुर्चीच्या पुढच्या कडेवर येऊन बसला होता, कुणी अंगावर आलं तर उठायला बरं म्हणून.

अध्यक्ष उठले. "मुलं भावनेच्या भरात बोलतात," ते हळुवार आवाजात म्हणाले. "आजचा दिवस आनंदाचा आहे. आपण पुरस्कार देऊ या." त्यांनी करंडक आणि पाकीट उचललं.

आता फौजदाराला वाटलं, लंबू ते घेणार नाही. करंडक टेबलावर ठेवून ताडताड खाली उतरून येईल. पण लंबू उठली, दोन्ही हातांनी करंडक घेतला, पाकीट काखेत मारलं आणि माइकपाशी गेली. माइक आता चालू होता.

"मी बक्षीस घेणार," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "दोन वर्षं उचललंय, फुकट नाही. पण एक चूक सुधारते. माझा पाय घसरला नव्हता. माझा पाय घसरत नाही. त्या पायरीची कड तुटलेली आहे. मी ऑफिसात सांगितलं होतं. मला म्हणाले, जपून चालत जा."

आणि ती खाली उतरली. फौजदाराकडे न बघता, तिच्या खुर्चीच्या बाजूने, सरळ दाराबाहेर.

फौजदाराने तिला पार्किंगमध्ये गाठलं. लंबू एका स्कूटरला टेकून उभी होती.

"शपथ घेतली होतीस," लंबू म्हणाली.

"हो."

"आणि घसरला काय? सगळ्या टीमसमोर? घसरला?"

"पायरीचं मला माहीत नव्हतं. तू सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू ऑफिसात जाऊन धिंगाणा घातला असतास. तू कधी गप्प बसतेस का गं? एकदा. माझ्यासाठी एकदा. मी तुला एवढंच मागितलं होतं."

"तू बसलीस ना हात टेकून, ते बघवलं नाही मला."

"मग नाही बघायचं!" लंबूचा आवाज फाटला. "माझी पाठ आहे. तिचं काय करायचं ते मी ठरवणार. तुला विचारल्याशिवाय हात लावलेला चालत नाही, आणि माझं दुखणं चारशे लोकांसमोर मांडताना मला विचारलंस?"

हे वर्मी लागलं. फौजदाराने मान खाली घातली. "नाही विचारलं," ती म्हणाली. "चुकलं. पण बाकीचं परत बोलायची वेळ आली तर परत बोलेन."

"माहितीये," लंबू म्हणाली आणि करंडक घेऊन चालती झाली.

पुढचे काही दिवस फौजदार शाळेत गेली नाही. लंबू आली नाही, आणि आली असती तरी फौजदार तिच्या पाठीवर चढली नसती. घरी पुस्तकं उघडून बसायची आणि एकच पान पुन्हा पुन्हा वाचायची. आईने रागावून झाल्यावर एकदा तिच्या केसांवरून हात फिरवला. "मी नुसतं 'बघू' ऐकून परत यायला नको होतं," एवढंच ती बोलली. मामा रोज विचारायचा, "फौजदारसाहेब, आज कुणावर खटला?" आणि तिने तोंड फिरवलं की गपचूप चहा ठेवायचा.

इकडे लंबूच्या बाबांनी मात्र शाळेत जाऊन रान उठवलं. हॉलमध्ये त्यांना आधी लाज वाटली, मग पाठीचं ऐकून भीती, आणि घरी जाईपर्यंत त्या दोन्हींचा संताप झाला. पोरीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी ओझं उचलायला साफ मनाई केली. बाबा तो कागद घेऊन थेट मुख्याध्यापिकांच्या टेबलाशी. त्यांच्या मागे आणखी पालक गेले. तुटलेल्या पायरीवरून पाय मुरगळलेली त्यांचीही पोरं होती, फक्त तोवर कुणी बोललं नव्हतं. मुख्याध्यापिकांनी चेअरमनना फोन लावला. ते म्हणाले, "बघू." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पालक इथे उभे आहेत, तुम्हीच त्यांना सांगा," आणि फोन बाबांच्या हातात दिला. बाबा काय बोलले ते शाळेत कुणी उच्चारत नाही. पण कुलूप उघडलं.

ही बातमी घेऊन लंबू स्वतः आली. दारातच उभी राहिली.

"खोली मिळाली," ती म्हणाली. "पण ते टेबल दारातून निघत नाहीये. आत ठेवूनच भिंत बांधली असणार गाढवांनी. मी पाय खोलायचा स्क्रू शोधलाय, मला हात लावू देत नाहीत. तोवर अख्खा वर्ग त्या टेबलाभोवती बसतोय. मंडळाची बैठक भरल्यासारखा."

"गाद्यांच्या खुर्च्या?"

"त्या पण. मागच्या बाकावरची पोरं झोपा काढतात."

फौजदार हसली नाही. "तू अजून रागावलीयेस?"

"थोडी." लंबू आत येऊन हात टेकून बसली. "बाबा डिप्लोमाला हो म्हणाले. म्हणतात, जिने एवढ्या लोकांत अध्यक्षांना सुनावलं, तिला दुकानात बसवून मी काय करू, गिऱ्हाइकं पळतील. तर थोडीच रागावलेय. पण पुन्हा माझ्याबद्दल बोलायचं असेल तर आधी मला सांगायचं."

"सांगेन."

"आणि मी तुला आता उचलणार नाही. कधीच."

"मी उचलून घेणारही नाही."

सोमवारी फौजदार स्वतःच्या हातांनी खुर्ची ढकलत वर्गात शिरली, त्या लांबलचक टेबलाच्या टोकाला जाऊन बसली आणि खिडक्या उघडायला सांगितल्या. दोन तास सुखाने गेले. तिसरा तास रसायनाच्या प्रात्यक्षिकाचा. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. सगळी मुलं वह्या घेऊन उठली आणि एकदम थबकली. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"हिला आज सूट," रसायनाचे सर म्हणाले. "ही इथे बसून वाचेल."

"सूट नकोय," फौजदार म्हणाली. "मला प्रयोग करायचाय."

"अगं, मग कसं करणार? आता ही पण उचलणार नाही म्हणते."

फौजदाराने लंबूकडे पाहिलं. या वेळी तिने आधी विचारलं. "बोलू?"

"बोल. मी पण बोलते."

दोघी वर्गाबाहेर पडल्या. फौजदाराने खुर्ची जिन्याच्या तोंडाशी आडवी लावली, ब्रेक दाबले. लंबू तिच्या शेजारी सर्वांत खालच्या पायरीवर ऐसपैस बसली, पाय लांब करून. जिन्यावरून आता मांजरसुद्धा वर जाऊ शकलं नसतं.

"सर, उपकरणं खाली आणता येतात," फौजदार म्हणाली. "नळ्या आहेत, स्टँड आहेत, बर्नर आहे. त्यांना पाठ नसते."

सर घड्याळाकडे बघत राहिले. मागून वर्गातल्या मुली आल्या, मग मुलगे, आणि एकेक करून जिथे जागा मिळेल तिथे फरशीवर मांडी घालून बसले. ऑफिसचं दार उघडून मुख्याध्यापिका बाहेर आल्या, त्यांनी जिन्यापासून दारापर्यंत पसरलेला वर्ग पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"आता काय?" त्या म्हणाल्या.

"प्रयोगशाळा," दोघी एकदमच म्हणाल्या.